नगरपरिषदेसाठी चार्जिंग स्टेशन घेताना: पहिल्या पाहणीपासून रोजच्या देखभालीपर्यंत

गेल्या पावसाळ्यात एका नगरपरिषदेच्या वाहनतळात उभा होतो. कोपऱ्यात ६० किलोवॉटचा डीसी, म्हणजे जलद, चार्जर. दोन्ही गनच्या (गाडीत खुपसायच्या कनेक्टरच्या) तोंडाला प्लास्टिकची पिशवी सुतळीने आवळलेली, स्क्रीन काळी, चौथऱ्याभोवती घोटाभर पाणी. शेजारच्या रसवंतीतून वायर ओढून एक रिक्षावाला आपली इलेक्ट्रिक रिक्षा चार्ज करत होता. मला बघून म्हणाला, "साहेब, हे चालू कधी होणार?"

नंतर मी फाइल मागवून पाहिली. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, पूर्णत्वाचा दाखला, सगळं जिथल्या तिथे. यंत्र आलं, बसलं, पूर्ण बिल निघालं. चार महिन्यांनी आतलं पॉवर मॉड्यूल (विजेचं रूपांतर करणारा भाग) गेलं. करारात वॉरंटी होती, पण दुरुस्ती किती तासांत करायची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि मला जास्त लागलं ते पुढचंच: तो चार्जर चालू असता तरी त्या रिक्षावाल्याची रिक्षा त्यावर चार्ज झाली नसती. गन मोटारीची होती.

नगरपरिषदांच्या विद्युत विभागांबरोबर निविदा तयार करताना जे शिकलो ते क्रमाने लिहितो. मुख्याधिकारी, कनिष्ठ अभियंता, लेखापाल आणि सभागृहात प्रश्न विचारणारे नगरसेवक यांच्यासाठी हे आहे. सगळ्यामागे एकच आग्रह आहे: आपण पेटी विकत घेत नाही आहोत, पुढची पाच-दहा वर्षं गाडी चार्ज होण्याची सोय विकत घेतो आहोत. निविदेतलं प्रत्येक कलम लिहिताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

१. चार्ज कोण करणार, हे आधी मोजा

अंदाजपत्रकाला हात लावण्याआधी एक आठवडा द्या. वाहन पोर्टलच्या डॅशबोर्डवर आरटीओनिहाय आणि इंधनप्रकारानुसार नोंदणीचे आकडे मिळतात. तुमच्या भागात इलेक्ट्रिक दुचाकी किती, तीनचाकी किती, मोटारी किती ते काढा. मग रिक्षा थांबा, बाजार समिती, एसटी स्थानक इथे जाऊन माणसांशी बोला. रात्री गाडी कुठे लावता, दिवसात किती किलोमीटर होतात, दुपारी किती वेळ थांबता येतं, एवढे तीन प्रश्न पुरतात.

नगरपरिषदेच्या स्वतःच्या गाड्यांचा हिशेब वेगळा ठेवा. इलेक्ट्रिक घंटागाडी दुपारी परत येते आणि पहाटे निघते. छोट्या तीनचाकी मालवाहू गाडीची बॅटरी साधारण ७ ते ११ युनिटची असते. ३.३ किलोवॉटच्या साध्या, सावकाश चार्ज करणाऱ्या एसी पॉइंटवर ती दोन ते साडेतीन तासांत भरते. अशा दहा गाड्या एकदम लावल्या तरी भार ३३ किलोवॉट. त्यासाठी लाखो रुपयांचा डीसी चार्जर मागवायची गरज नाही. गॅरेजमध्ये दहा चांगले पॉइंट, प्रत्येकाला स्वतंत्र आरसीडी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं उपकरण) आणि एक मीटर एवढ्यात काम होतं. जलद चार्जर लागतो तो वाटेवरच्या मोटारींना. हा फरक पहिल्याच पानावर नोंदवला नाही, तर पुरवठादाराचं माहितीपत्रकच तुमची गरज ठरवून टाकतं.

२. निविदेआधी महावितरणच्या कार्यालयात जा

सगळ्यात जास्त कामं इथे अडकतात. चार्जर येऊन पडतो आणि वीजजोडणी सहा महिने येत नाही. ६० किलोवॉटचा चार्जर आतली घट धरून लाइनवरून ६३ ते ६५ किलोवॉट ओढतो. रस्त्यावरचे दिवे आणि चाळीस घरं ज्या ६३ केव्हीएच्या डीपीवर (रोहित्रावर) आहेत, तिथे हा भार चढवता येणार नाही. नवीन रोहित्र लागेल, केबल लागेल, रस्ता खोदावा लागेल, आणि हे सगळं अंदाजपत्रकात हवं.

म्हणून जागेचा नकाशा आणि अपेक्षित भार घेऊन उपविभागीय कार्यालयात जा, संयुक्त पाहणी करा आणि तिचा अहवाल लेखी घ्या. त्यात तीन गोष्टी नोंदवून घ्या: जवळच्या रोहित्राची क्षमता आणि सध्याचा भार, जागेपर्यंतचं अंतर, आणि वाढीव कामाचा अंदाजे खर्च. वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार, जाळं वाढवावं लागत नसेल तर महानगरात ३ दिवसांत, नगरपालिका क्षेत्रात ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी द्यायची आहे. जाळं वाढवावं लागत असेल तर हे दिवस लागू होत नाहीत. म्हणजे योग्य जागा निवडली की अर्धा वेळ आपोआप वाचतो.

जोडणी कोणाच्या नावावर घ्यायची हेही आत्ताच ठरवा. स्टेशन चालवणाऱ्या संस्थेच्या (पुढे तिलाच "चालक" म्हटलं आहे) नावावर घेतली तर बिलाची जबाबदारी तिची, पण संस्था निघून गेली की थकबाकीसकट मीटर तुमच्या जागेत राहतो. नगरपरिषदेच्या नावावर घेतली तर बिल आधी तुम्ही भरणार आणि वसूल नंतर करणार. गुंतवणूक चालकाची असेल तर मी पहिला मार्ग सुचवतो, मात्र तीन महिन्यांच्या वीजबिलाएवढी बँक हमी घेऊनच. जोडणी चार्जिंग स्टेशनच्या स्वतंत्र वर्गवारीतच मागा. पार्किंगच्या दिव्यांच्या मीटरवरून वायर काढून दिलेली जोडणी मी पाहिली आहे. त्या प्रकरणात दर चुकीचा लागलाच, वर लेखा आक्षेपही आला.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १७ सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सार्वजनिक चार्जिंगसाठी एक-भाग दर (वेगळा स्थिर आकार नाही, फक्त युनिटमागे दर) सुचवला आहे. तो ३१ मार्च २०२८ पर्यंत सरासरी पुरवठा खर्चाच्या आत ठेवायचा आहे. सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत त्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट. आपल्याकडे प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशाने लागतो, म्हणून निविदेत आकडा छापू नका, "आयोगाच्या वेळोवेळीच्या आदेशाप्रमाणे" असं लिहा. दुपारी वीज स्वस्त असेल तर त्याचा फायदा ग्राहकापर्यंत पोचलाच पाहिजे, हे मात्र स्वतंत्र कलमात लिहा.

३. जागा

मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचं आहे ते पाहा. विकास आराखड्यातलं आरक्षण पाहा. पूररेषा पाहा. मग जागेवर तीन वेळा जा: आठवडी बाजाराच्या दिवशी, रात्री दहानंतर, आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर. बाजाराच्या दिवशी तिथे भाजीची दुकानं लागत असतील, रात्री फाटकाला कुलूप लागत असेल, पावसात पाणी साचत असेल, तर कागदावर कितीही सोयीची असली तरी ती जागा सोडा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावं लागतं, आणि उभ्या गाडीचं चार्जिंगचं तोंड चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत यावं लागतं. चौथऱ्याची उंची ठरवताना गेल्या दहा वर्षांतली पाण्याची खूण शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो अचूक सांगतो. एक गाळा रुंद ठेवा, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही गनपर्यंत जाता यावं. दिवा, छप्पर आणि मोबाइलची रेंज बघा. तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज नसली की पैसे भरता येत नाहीत आणि यंत्र चांगलं असूनही बंद पडल्यासारखंच राहतं.

४. पैसा कोणाचा, धोका कोणाचा

ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला, नगरपरिषदेने यंत्र विकत घेऊन चालवायला देणं. दुसरा, फक्त जागा देणं, गुंतवणूक चालकाची आणि युनिटमागे महसुलात वाटा. तिसरा, रोहित्र आणि केबल नगरपरिषदेने करायची, चार्जर चालकाने आणायचा. सार्वजनिक चार्जिंग हा परवानामुक्त व्यवसाय असल्याने चालक मिळणं कठीण नाही. चांगला चालक मिळणं कठीण आहे.

सरकारी जागा सरकारी वा सार्वजनिक संस्थेला युनिटमागे १ रुपया महसूल वाट्याने देण्याची आणि खासगी संस्थेला बोली मागवून देण्याची पद्धत केंद्राच्या सूचनांमध्ये २०२२ पासून आहे. हा रुपया किती होतो ते बघा. ६० किलोवॉटच्या चार्जरवर रोज १०० युनिट विकले गेले तर वर्षाला ३६,५०० युनिट, म्हणजे नगरपरिषदेला ३६,५०० रुपये. सुरुवातीच्या वर्षात रोज १०० युनिट होणं म्हणजेसुद्धा यंत्र पूर्ण क्षमतेच्या जेमतेम ७ टक्के वापरलं जाणं. हा आकडा सभागृहापुढे उघडपणे ठेवा. "जास्तीत जास्त वाटा देणारा जिंकला" अशी निविदा काढली, की कोणी ४ रुपये बोलतो. ते ४ रुपये शेवटी रिक्षावाल्याच्या खिशातून जातात किंवा देखभालीतून कापले जातात. माझं स्पष्ट मत आहे की महसूल वाटा १ रुपयावर स्थिर ठेवा आणि बोली ग्राहकाकडून घ्यायच्या सेवा शुल्कावर मागवा. जो कमीत कमी शुल्क घेईल तो पुढे. सेवा शुल्काची कमाल मर्यादा राज्य शासनाने ठरवायची आहे, त्या मर्यादेखाली स्पर्धा होऊ द्या.

सगळ्या जागा वेगवेगळ्या देऊ नका. हमरस्त्यावरची जागा सगळ्यांना हवी असते, उपनगरातल्या बागेशेजारची कोणालाच नको असते. एक चांगली आणि दोन मध्यम जागा असे गट करा.

जागा खासगी संस्थेला द्यायची तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील मालमत्ता हस्तांतरणाच्या तरतुदी लागू होतात. सर्वसाधारण सभेचा ठराव आधी, मग नियमांप्रमाणे वरची मंजुरी. ठरावात मुदत, गाळ्यांची संख्या आणि जागेची हद्द लिहा. नुसतं "चार्जिंग स्टेशनसाठी जागा देणे" एवढाच ठराव दोन वर्षांनी गळ्याशी येतो.

अनुदानाकडे जरूर लक्ष द्या. पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या १०,९०० कोटी रुपयांपैकी २,००० कोटी चार्जिंग सुविधांसाठी आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या कार्यपद्धतीनुसार, सर्वांना खुल्या असलेल्या सरकारी आवारात वीजपुरवठ्याची कामं आणि चार्जर दोन्हींवर १०० टक्क्यांपर्यंत, तर पालिकेच्या वाहनतळासारख्या ठिकाणी वीजपुरवठ्याच्या कामांवर ८० आणि चार्जरवर ७० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं. प्रस्ताव राज्याच्या नोडल यंत्रणेमार्फत जातो. अनुदान टप्प्याटप्प्याने येतं, म्हणून कार्यादेश देण्याआधी स्वतःच्या निधीतून किती रक्कम तोवर उचलता येईल हे लेखापालाकडून लिहून घ्या.

५. तांत्रिक तपशील: कनेक्टरच्या यादीत अडकू नका

डिसेंबर २०१८ च्या पहिल्या केंद्रीय सूचनांमध्ये प्रत्येक सार्वजनिक स्टेशनवर पाच प्रकारचे चार्जर सक्तीचे केले होते: सीसीएस आणि चॅडेमो (दोन्ही जलद डीसी), टाइप-२ एसी, आणि भारत डीसी-००१ व भारत एसी-००१ ही देशी मानकं. भारतातल्या मोटारी मात्र सीसीएस-२ (सीसीएसचाच एक प्रकार) कडे गेल्या. त्याआधी, २०१७ मध्ये ईईएसएल या सरकारी ऊर्जा-बचत कंपनीने सरकारी कार्यालयांसाठी १०,००० इलेक्ट्रिक मोटारींची मोठी निविदा काढली होती. त्या पिढीच्या गाड्या १५ किलोवॉटच्या भारत डीसी-००१ वर चालत, आणि तो चार्जर कमी व्होल्टेजच्या बॅटरीसाठी होता. पुढच्या गाड्यांची बॅटरी जास्त व्होल्टेजची निघाली आणि ते चार्जर त्यांच्या कामाचे उरले नाहीत. केंद्राने पुढे ही सक्ती सैल केली आणि कोणता चार्जर बसवायचा ते बाजारावर सोडलं.

यावरून मी निविदेत असं लिहितो: मोटारींसाठी सीसीएस-२ आणि टाइप-२, हलक्या वाहनांसाठी आयएस १७०१७ या भारतीय मानक मालिकेतले कनेक्टर. यात २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने मान्य केलेला, एसी-डीसी दोन्ही चालणारा भाग २ विभाग ६ चा कनेक्टरही येतो. त्याखाली एक ओळ: "कराराच्या काळात गन किंवा केबल बदलावी लागल्यास दर परिशिष्टातील दराप्रमाणे." त्या परिशिष्टात गन, केबल, पॉवर मॉड्यूल आणि स्क्रीन यांचे पाच वर्षांचे दर आत्ताच बोलीत भरून घ्या. एका नगरपरिषदेत गनच्या एकट्या केबलसाठी नवीन निविदा काढावी लागली होती, तेवढे महिने चार्जर बंद.

ओसीपीपीची अट सोडू नका. हा चार्जर आणि सर्व्हर यांच्यातला खुला संवाद-नियम आहे. तो नसेल तर चालक बदलताना यंत्रही बदलावं लागतं. पुरवठादार "आमच्याकडे ओसीपीपी आहे" म्हणतो तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडून दाखवण्याची चाचणी अटीत घाला.

हवामानाची अट तुमच्या गावाची असू द्या. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेवढ्या उष्णतेत बरेच चार्जर स्वतःला वाचवायला शक्ती कमी करतात. म्हणून "४५ अंशांला पूर्ण शक्ती" अशी अट घाला आणि चाचणी अहवाल मागा. कोकणात खाऱ्या हवेसाठी गंजरोधक आवरण महत्त्वाचं. उघड्यावर किमान आयपी ५४ (धूळ आणि उडणारं पाणी रोखण्याची पातळी). पैसे यूपीआयने, ॲप न उतरवता भरता आले पाहिजेत. स्क्रीनवर मराठी हवी, आणि ती मराठी एखाद्या रिक्षावाल्याला वाचायला देऊन तपासा.

६. निविदेचं पुस्तक

राज्याच्या खरेदी धोरणाचा आधार उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय आहे. २०२१ पासून ई-निविदेची मर्यादा १० लाख रुपये आहे. काम त्याखाली बसावं म्हणून तुकडे पाडू नका.

पात्रतेत उलाढालीचा आकडा फुगवला की चार मोठे खेळाडूच उरतात. त्याऐवजी अनुभव नेमका मागा. "इतके चार्जर पुरवले" यापेक्षा "इतके सार्वजनिक चार्जर सलग २४ महिने चालवले" हा दाखला जास्त बोलतो. त्या ठिकाणांची यादी घ्या आणि तिथल्या दोन ठिकाणी माणूस पाठवा. अर्ध्या दिवसाच्या त्या फेरीत जे कळतं ते कुठल्याही प्रमाणपत्रात नसतं.

दरपत्रकात यंत्राची किंमत, उभारणी, पाच वर्षांची सर्वसमावेशक देखभाल, सॉफ्टवेअर, सिमकार्ड आणि सुट्या भागांचे दर वेगवेगळे भरून घ्या, पण एल-१ (सर्वात कमी दराचा बोलीदार) ठरवा या सगळ्याच्या बेरजेवर. नाहीतर यंत्र स्वस्त दाखवून देखभालीत वसूल करणारा पुढे येतो. जीएसटीचा रकाना वेगळा ठेवा. चार्जरवर ५ टक्के, चार्जिंगच्या सेवेवर १८ टक्के.

पूर्व-निविदा बैठक मनापासून घ्या. आलेला प्रत्येक प्रश्न लिहून घ्या, उत्तरं सगळ्यांना एकाच शुद्धिपत्रकात द्या. एखादी अट फक्त एकाच कंपनीला जुळते अशी तक्रार आली तर ती तपासा आणि खरी असेल तर अट बदला.

७. किती तास चालू: कराराचा गाभा

"९५ टक्के वेळ चालू" ही अट ऐकायला चांगली वाटते. वर्षात ८,७६० तास असतात. त्यातले ५ टक्के म्हणजे ४३८ तास, अठरा दिवस. सलग अठरा दिवस यंत्र बंद ठेवूनही ठेकेदार अट पाळल्याचं सांगू शकतो. ब्रिटनने २०२३ च्या नियमांत जलद चार्जरच्या जाळ्यासाठी वर्षाला सरासरी ९९ टक्क्यांची अट घातली आहे. आपण निदान ९७ मागावे, आणि ते वर्षावर नव्हे तर महिन्यावर मोजावे. महिन्याला ९७ म्हणजे साधारण २२ तासांची सूट.

मोजणी प्रत्येक गनची करा, स्टेशनची नको. दोनपैकी एक गन बंद असताना "स्टेशन चालू" मानलं जाऊ नये. "चालू" म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा: गाडी जोडल्यावर, पैसे भरल्यावर, ठरलेल्या शक्तीने वीज मिळणं. महावितरणचा पुरवठा खंडित असल्याचा काळ वगळा, पण तो मीटरच्या नोंदीवरून. इंटरनेट गेल्याचा काळ वगळू नका, दोन सिमकार्डं ठेवणं चालकाला जमतं. नोंदी थेट सर्व्हरवरून नगरपरिषदेला दिसल्या पाहिजेत आणि त्या माहितीची मालकी नगरपरिषदेची राहिली पाहिजे.

दुरुस्तीचे तास ठरवा. तक्रारीची दखल १ तासात, माणूस जागेवर २४ तासांत, यंत्र चालू ७२ तासांत. उशिरावर तासागणिक दंड आणि तो पुढच्या देयकातून आपोआप वळता. त्यासाठी देयक शिल्लक हवं. म्हणून मी सुचवतो की यंत्र सुरू झाल्यावर ६० टक्के द्या, यशस्वी तीस दिवसांनंतर १५ टक्के, आणि उरलेले २५ टक्के पाच वर्षांत तिमाही हप्त्यांनी, चालू तासांच्या नोंदीवरून. बोलीदार कुरकुर करतात, दर थोडा वाढतो. तो वाढू द्या.

८. ताब्यात घेण्याआधी

चाचणी नुसत्या भारपेटीवर (गाडीऐवजी कृत्रिम भार देणाऱ्या उपकरणावर) करू नका. पाच खऱ्या गाड्या बोलवा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, त्यात निदान एक रिक्षा आणि एक दुचाकी. प्रत्येक गाडी २० टक्क्यांवरून ८० पर्यंत न्या आणि दर दहा मिनिटांनी शक्ती लिहून ठेवा. दोन गाड्या एकदम लावा. मध्येच आपत्कालीन बटण दाबा. पुरवठा तोडून पुन्हा द्या आणि यंत्र आपोआप जागेवर येतं का पाहा. अर्थिंगचं वाचन आणि आरसीडीची चाचणी वायरमनसमोर घेऊन मोजमाप पुस्तिकेत नोंदवा. विद्युत निरीक्षकाच्या मंजुऱ्या फाइलला लावा.

शेवटी, चालक मध्येच निघून गेला तर काय, हे ताबा घेतानाच सोडवा. सर्व्हरचे पासवर्ड, यंत्राचं कॉन्फिगरेशन, सुट्या भागांची यादी, वीजजोडणी हस्तांतराचं संमतिपत्र, हे सगळं बंद लिफाफ्यात मुख्याधिकाऱ्यांच्या कपाटात. मुदत संपल्यावर जमिनीखालची केबल आणि रोहित्र नगरपरिषदेचं राहील, असंही करारात लिहा.

९. त्यानंतर रोज

रस्त्यावरच्या दिव्यांसाठी फिरणाऱ्या वायरमनच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा: गन जागेवर आहे का, केबल उघडी पडली आहे का, स्क्रीन चालू आहे का, गाळ्यात पेट्रोलची गाडी उभी आहे का. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी नगरपरिषदेचीच इलेक्ट्रिक गाडी तिथे नेऊन, नेहमीच्या ग्राहकासारखी रांगेत लावून, ५० रुपयांची वीज भरायची. पावती फाइलला लावायची. ज्या महिन्यात पावती मिळाली नाही, त्या महिन्याचं देयक लेखापालाने थांबवायचं आणि चालकाला त्याच दिवशी पत्र पाठवायचं.